मूल मंडळासमोर उभं राहतं तेव्हा

“तुमच्या मुलाला इथे आणून बसवलंय. या लगेच.”

पोलीस ठाण्यातून येणारा फोन बहुतेक वेळा एवढाच असतो. रात्रीचे दहा वाजलेले असतात, जेवणं नुकतीच आटोपलेली असतात. क्लासहून यायला उशीर झाला असेल असं ज्याच्याबद्दल समजत होतो, तो सोळा-सतरा वर्षांचा मुलगा कुठल्यातरी मारामारीत, मोटारसायकलच्या चोरीत नाहीतर मोबाइल हिसकावताना सापडलेला असतो. वडील चप्पल शोधतात, आई रडत रडत भावाला फोन लावते. त्या अर्ध्या तासात कायदा काय म्हणतो हे कुणालाही सुचत नाही, आणि ते साहजिक आहे. पण त्या रात्रीपासून आईबाप कसे वागतात, यावर पुढच्या कित्येक महिन्यांचं आणि कधीकधी त्या मुलाच्या पुढच्या आयुष्याचं बरंच काही ठरतं. हे त्यांना वेळेवर सांगणारं कुणी भेटत नाही.

बाल न्याय मंडळाच्या दाराबाहेरच्या बाकांवर अशा आईबापांच्या शेजारी मी बरीच वर्षं बसत आले आहे. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो: “मॅडम, सुटेल ना?” सुटतो. बहुतेक मुलं सुटतात, कारण कायद्याचाच कल तसा आहे. पण सुटून घरी आल्यावर काय करायचं, हा प्रश्न फार थोडे विचारतात, आणि माझ्या मते आईबापांची खरी परीक्षा तिथेच असते.

आधी शब्द नीट समजून घेऊ. आज लागू असलेला कायदा म्हणजे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५. तो १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आला. या कायद्यात अठरा वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाला ‘आरोपी’ म्हणत नाहीत, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. शब्द जिभेला जड आहे, पण तो मुद्दाम निवडलेला आहे. मुलाला ‘अटक’ करत नाहीत, ‘ताब्यात’ घेतात. त्याच्यावर ‘खटला’ चालत नाही, त्याची ‘चौकशी’ होते. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलाच्या मनात दुष्ट किंवा गुन्हेगारी हेतू नव्हता असं धरूनच सुरुवात करायची, हे कायद्याच्या मूलभूत तत्त्वांमध्ये लिहिलेलं आहे. न्यायमंडळ जो शब्द तोंडातून काढत नाही तो घरातली माणसंच पहिल्या रात्री काढतात: “गुन्हेगार निपजलास तू!” मुलगा मंडळातलं सगळं विसरतो. हे वाक्य विसरत नाही.

ठाण्यावर पोचल्यावर काय पाहायचं? मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. त्याच्याशी बोलणारा अधिकारी शक्यतो साध्या कपड्यांत असावा, असा नियम आहे. प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो आणि जिल्ह्यात विशेष बाल पोलीस पथक असतं. “बाल कल्याण अधिकारी कोण आहेत, त्यांच्याशी बोलायचंय,” एवढं वाक्य शांतपणे बोललात तरी खोलीतली हवा बदलते. मुलाकडून कुठल्याही जबाबावर सही घ्यायची नसते. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला मंडळासमोर न्यावं लागतं. गुन्हा किरकोळ असेल आणि कुणी मोठा माणूस त्यात सामील नसेल, तर एफआयआरही नोंदवायचा नसतो. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून, मुलाच्या घरच्या परिस्थितीच्या अहवालासह ती माहिती मंडळाकडे पाठवायची असते. हे नियम सगळीकडे पाळले जातात असं मी म्हणणार नाही. ते ठाऊक असलेला बाप समोर उभा असला की ते जास्त पाळले जातात, एवढं मात्र खात्रीने सांगते.

आणि तिथे मुलाला मारू नका. पोलिसांसमोर मुलाच्या कानाखाली ओढली की आपण कडक पालक आहोत हे सिद्ध होतं, असं कितीतरी वडिलांना वाटतं. त्या क्षणी मुलाला एवढंच कळतं की, या खोलीत माझ्या बाजूचं कुणी नाही. पुढे त्याला खरं बोलतं करायचं असेल, तर तो दरवाजा पहिल्याच रात्री बंद करून कसं चालेल?

दुसरी गोष्ट कागदांची. या सगळ्या व्यवस्थेचा पाया वय हा आहे, आणि तेही गुन्हा घडला त्या दिवशीचं वय. मुलगा आज अठराचा झाला असला तरी त्या दिवशी सतरा वर्षं अकरा महिन्यांचा असेल, तर तो या कायद्यासाठी बालकच. वय ठरवण्याचा क्रम कलम ९४ मध्ये दिलेला आहे. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र पहिलं. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय चाचणी. त्यामुळे ठाण्यावर जाताना शाळेचं बोनाफाइड किंवा सोडल्याचा दाखला पिशवीत टाका. आपल्याकडे कित्येक घरांत मास्तरांनी नाव घालताना लिहिलेली ‘एक जून’ हीच जन्मतारीख असते. आजोबांच्या बाबतीत ती गमतीची गोष्ट होती. नातवाच्या बाबतीत त्याच अंदाजाने लिहिलेल्या तारखेवरून तो मंडळात जाणार की मोठ्यांच्या कोर्टात, हे ठरू शकतं. तारखेत घोळ असेल तर वकिलाला पहिल्याच दिवशी सांगा. वयाचा मुद्दा कुठल्याही टप्प्यावर, अगदी अंतिम निकालानंतरही मांडता येतो, पण उशिरा मांडला तर तोवरचे दिवस मुलाने चुकीच्या जागी काढलेले असतात. आणि खोटा दाखला करून देणारा कुणी ‘ओळखीचा’ भेटला तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

मुलं वेगळी ठेवायची, हे आज आपल्याला उघड वाटतं, पण ते इथवर यायला फार काळ गेला. मुंबईत उमरखाडीला मुलांचं निरीक्षण गृह आहे. लोक अजून त्याला ‘डोंगरी’च म्हणतात, कारण ती जागा म्हणजे जुना डोंगरीचा तुरुंग. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळक आणि आगरकर एकशे एक दिवस राहिले, आगरकरांनी ज्याच्यावर पुस्तक लिहिलं, तोच हा तुरुंग. मुंबई प्रांतात १९२४ साली मुलांसाठी वेगळा कायदा झाला, पुढे तिथे मुलांची व्यवस्था आली. तरीही देशभर मुलं मोठ्या कैद्यांबरोबर तुरुंगात सापडतच होती. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. मुलांना तुरुंगात ठेवू नका आणि साऱ्या देशासाठी एकच कायदा करा, असं न्यायालयाने १९८६ साली सांगितलं. त्याच वर्षी पहिला देशव्यापी बाल न्याय कायदा आला. त्यात मुलग्यांसाठी वयाची मर्यादा सोळा होती, ती २००० च्या कायद्याने अठरा झाली. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर उसळलेल्या संतापातून २०१५ चा कायदा आला. सोळा ते अठरा या वयाची एक अवघड वाट त्याने उघडली. तिच्याकडे पुढे येते.

मंडळाची खोली पाहून बऱ्याच आईबापांना आश्चर्य वाटतं. उंच चौथरा नसतो, आरोपीचा पिंजरा नसतो. नियमांनीच या गोष्टींना मनाई केली आहे. एका टेबलामागे तीन माणसं असतात. एक प्रधान दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांतली निदान एक स्त्री. मुलाला समोर उभं करून सोपं सोपं विचारतात: शाळा कुठली, घरी कोण कोण, जेवलास का? पुण्यातलं मंडळ येरवड्याला निरीक्षण गृहाच्या आवारातच बसतं. काही जिल्ह्यांत मंडळ रोज बसत नाही, त्यामुळे वार विचारून ठेवावा. निकाल तिघांत बहुमताने होतो. एकमत झालं नाही तर प्रधान दंडाधिकाऱ्यांचं मत राहतं.

जामिनाबाबत कलम १२ अगदी स्पष्ट आहे. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला सोडायचं हाच नियम, आणि तेही जामीनदारासह किंवा जामीनदाराविना. नाकारायचं तर तीनच कारणं: सुटल्यावर तो एखाद्या ज्ञात गुन्हेगाराच्या संगतीत जाईल असं दिसत असेल, त्याला शारीरिक, मानसिक वा नैतिक धोका असेल, किंवा त्याच्या सुटकेने न्यायाचा हेतूच विफल होणार असेल. नीट पाहिलं तर पहिल्या दोन कारणांचं उत्तर वकिलाजवळ नसतं, ते आईबापांजवळ असतं. मुलगा सुटून कुठे राहील? दिवसभर त्याच्यावर लक्ष कोण ठेवेल? ज्या गल्लीत हे घडलं तिथेच परत येणार का? “साहेब, आम्ही बघू,” हे उत्तर फार तोकडं पडतं. “महिनाभर याचे वडील रात्रपाळी बदलून घेतायत, शाळेत आम्ही मुख्याध्यापकांशी बोललोय, संध्याकाळी तो माझ्याबरोबर दुकानात बसेल,” हे उत्तर मंडळाला दिलासा देतं. जामिनाची अट सात दिवसांत पूर्ण करता आली नाही, तर अटी बदलून घेण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळासमोर आणायचं असतं. हातमजुरी करणाऱ्या घरांनी हे लक्षात ठेवावं. पैशाची सोय झाली नाही म्हणून मूल आत राहावं, असं कायद्याला नको आहे.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं त्या कागदाकडे येते. मुलाला ताब्यात घेतल्यावर पोलीस आईबापांना कळवतात, तसंच परिवीक्षा अधिकाऱ्यालाही, म्हणजे प्रोबेशन ऑफिसरलाही, कळवतात. या अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल मंडळाला द्यायचा असतो. बाकी सारे कागद ‘काय घडलं’ याबद्दल असतात. हा एकच कागद ‘कुणाकडून घडलं आणि का’ याबद्दल असतो. त्यासाठी अधिकारी घरी येतात किंवा तुम्हाला बोलावतात. घरात कितीजण, कमावतं कोण, मुलाने शाळा कधी आणि कशामुळे सोडली, मित्र कोण, व्यसन आहे का, घरात कुणाला व्यसन आहे का, मुलाला मारहाण होते का, याआधी कधी घर सोडून गेला होता का, त्याला आवडतं काय, असे प्रश्न असतात.

इथेच घरोघरी पडदे ओढले जातात. “आमच्या घरात तसं काही नाही हो, संगत वाईट लागली.” शेजारच्या खोलीत दारूच्या बाटल्या असतात, आईच्या दंडावर वळ असतो, पण अधिकाऱ्यासमोर घर आदर्श असतं. ते लपवण्यामागची लाज मला कळते. पण तो अहवाल वाचून मंडळाला मुलाबद्दल काय समजेल? घर चांगलं, आईबाप चांगले, मग मुलगाच वाईट! आपली अब्रू झाकण्याच्या नादात आपण सगळा दोष पोराच्या डोक्यावर ठेवून मोकळे होतो.

एक आई आठवते. भाजीची गाडी लावायची. तिने मला एक दोनशे पानी वही दाखवली होती. घटनेच्या आधीच्या वर्षापासूनचं तिला आठवेल ते सगळं तिने त्यात लिहिलं होतं. नववीत नापास झाल्यावर शाळेने नाव काढायला लावलं तो महिना, सासऱ्यांचं आजारपण, नवरा मारायला लागला ते दिवस, मुलगा रात्री दोन वाजेपर्यंत बाहेर राहायला लागला तेव्हा त्याच्या खिशात तिला काय सापडलं, आणि तिने भीतीने ते कुणालाच सांगितलं नाही, हेही. परिवीक्षा अधिकाऱ्याने तिच्याबरोबर बसून ती वही दोन तास वाचली. मंडळाने त्या मुलाला व्यसनमुक्ती केंद्रात उपचारांना पाठवलं, आणि वडिलांनीही समुपदेशनाला यायचं असं सांगितलं. ती वही नसती तर अहवालात ‘संगत वाईट’ एवढेच दोन शब्द राहिले असते. असे अहवाल गोपनीय असतात, हेही सांगून ठेवते. ते शेजारीपाजारी फिरत नाहीत.

खरं सांगण्याची हिंमत मुलालाही लागते आणि ती त्याला घरातून मिळते. त्याला ‘असं सांग, तसं सांगू नको’ पढवायला कुणी ना कुणी येतंच. कधी काका, कधी स्थानिक पुढारी, कधी मुलाच्या मित्राचे वडील, ज्यांना आपल्या पोराचं नाव वगळून हवं असतं. मुलाला गप्प राहण्याचा हक्क आहे, वकिलाच्या सल्ल्याने वागण्याचा हक्क आहे. पण खोटं बोलायला शिकवणं म्हणजे बचाव नव्हे.

पुण्यात १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात जे झालं ते महाराष्ट्र विसरलेला नाही. सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या महागड्या गाडीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. मंडळाने काही तासांत जामीन दिला आणि त्यातल्या तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर देशभर संताप उसळला. तो संताप मला समजतो, मीही त्या दोन घरांचाच विचार करत होते. पण त्या प्रकरणातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट निबंध नव्हे. मुलाच्या रक्ताचा नमुना बदलला गेल्याचा आरोप ठेवून पोलिसांनी आईवडिलांनाच अटक केली, ती होय. न्यायालय त्या आरोपाचं काय करायचं ते करेल. २५ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या मुलाला जामीन मिळूनही निरीक्षण गृहात ठेवणं बेकायदा ठरवलं, तेव्हा आईवडील दोघेही कोठडीत होते आणि मुलाचा ताबा आत्याकडे द्यावा लागला. लोकांचा रोष कितीही असला तरी मुलासाठीचा कायदा मुलासाठीच राहतो, हे न्यायालयाने त्या दिवशी सांगितलं. मला ते योग्य वाटतं. आपल्या मुलाच्या बाजूने तो कायदा उभा राहावा असं वाटत असेल, तर तो शेजारच्याच्या मुलाच्याही, अगदी आपल्याला राग आलेल्या मुलाच्याही बाजूने उभा राहायला हवा.

सोळा वर्षांवरच्या मुलांची ती अवघड वाट आता. कायद्याने गुन्ह्यांचे तीन गट केले आहेत. तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेले किरकोळ, त्यावरचे गंभीर, आणि ज्यांना किमान सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे ते निर्घृण. या तिसऱ्या गटातला गुन्हा सोळा पूर्ण केलेल्या मुलावर असेल, तर मंडळ पहिल्या हजेरीपासून तीन महिन्यांत प्राथमिक मूल्यांकन करतं. असं कृत्य करण्याची मानसिक व शारीरिक क्षमता त्याच्यात होती का, परिणाम त्याला कळत होते का, परिस्थिती कशी होती, हे पाहून ते प्रकरण बाल न्यायालयाकडे, म्हणजे सत्र न्यायालयाच्या पातळीवर, पाठवायचं का ते ठरतं. हे मूल्यांकन म्हणजे खटला नव्हे. मुलाने गुन्हा केला की नाही, हे तिथे ठरवायचं नसतं. हे काम नाजूक आहे आणि मंडळात मानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली बजावलं. तेव्हा आपल्या मुलाचं मूल्यांकन कोण करतंय, त्याला किती वेळ देतंय, अहवालाची प्रत वकिलाला मिळाली का, हे विचारा. मुलावर आधी काही मानसिक उपचार झाले असतील, त्याला वाचण्या-लिहिण्यात अडचण असेल, डोक्याला मार लागलेला असेल, तर ते कागद घेऊन जा. मंडळाचा आदेश पटला नाही तर तीस दिवसांत अपील करता येतं.

या वाटेवर मला हल्ली प्रेमप्रकरणातले मुलगे वारंवार दिसतात. सतरा वर्षांचा मुलगा, सोळा-साडेसोळाची मुलगी, दोघं पळून गेली, मुलीच्या घरच्यांनी तक्रार दिली. पोक्सो कायद्यात अठराच्या आतल्या मुलीची संमती धरत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर शरीरसंबंधाच्या गुन्ह्याला किमान शिक्षाच दहा वर्षांची आहे. म्हणजे प्रकरण थेट तिसऱ्या गटात. मुलाच्या आईला वाटतं, ‘पोरांनी चूक केली, लग्न लावून देऊ’. ते करू नका. तो बालविवाह होईल आणि अडचण वाढेल. मुलीच्या घरी जाऊन दबाव आणू नका, तिला निरोपही पाठवू नका.

सुटका झाली, मुलगा घरी आला. आता? पहिले आठ दिवस घर त्याच्याभोवती फिरतं, मग सगळे कामाला लागतात आणि तारखा येत राहतात. मंडळाची चौकशी चार महिन्यांत संपावी, फार तर आणखी दोन महिने, असा नियम आहे. किरकोळ प्रकरणात तेवढ्यातही ती संपली नाही तर प्रकरणच संपुष्टात येतं. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी वेळ लागतो, आणि त्या लांबणाऱ्या काळातच मुलं निसटतात. तारीख चुकली की दिलेली हमी मोडते. म्हणून मुलाला ‘जरा हवापालट’ म्हणून परगावी मामाकडे पाठवायचं असेल, तर मंडळाला आधी सांगा. दहावी-बारावीची परीक्षा त्याच दिवशी आली तर वकिलामार्फत अर्ज करा. मुलाची हजेरी माफ करण्याची तरतूद कायद्यात आहे. शाळा सुटली असेल तर आधी शाळा, ती जमत नसेल तर आयटीआय, तेही नाही तर ओळखीच्या गॅरेजमध्ये शिकाऊ. दिवस रिकामा राहता कामा नये. किशोरवयात मेंदूचा आवर घालणारा भाग अजून पिकत असतो आणि मित्र बघताहेत म्हटल्यावर तो आणखी ढिला पडतो. एकटा असताना जे पोर करणार नाही, ते चारजणांत करून बसतं. हातात कोयता घेतलेली रीळ टाकणारी मुलं एकेकटी भेटली की किती लहान दिसतात, हे मी पाहिलं आहे. त्यांच्या मागे कुणी मोठा असेल, चोरी करायला, पुड्या पोचवायला त्याने मुलाला वापरलं असेल, तर ते वकिलाला आणि मंडळाला सांगा. मुलाला बेकायदा कामाला लावणाऱ्या प्रौढाला याच कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा आहे.

ज्याचं नुकसान झालं त्याचंही एक घर आहे. प्रकरण चालू असताना परस्पर भेटायला जाणं धोक्याचं, ते दबाव समजलं जाईल. पण मुलाशी घरी त्याविषयी बोलायला कुठलाच कायदा आड येत नाही. “जिचा मोबाइल हिसकावला त्या मुलीला त्या रात्री घरी कसं जावं लागलं असेल?” हा प्रश्न ओरडून नव्हे, भाकरी खाता खाता विचारायचा असतो. उत्तर लगेच येणार नाही.

शेवटी मंडळाने मुलाचा दोष मानला, तरी काय होऊ शकतं? समज देऊन सोडणं, समुपदेशन, समाजसेवेचं काम, दंड, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर आईबापांच्याच ताब्यात जास्तीत जास्त तीन वर्षं परिवीक्षा. विशेष गृहात पाठवणं हा शेवटचा उपाय, तोही जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी. फाशी किंवा सुटकेची आशाच नसलेली जन्मठेप कुठल्याही मुलाला देता येत नाही. आणि आईबापांना सगळ्यात जास्त छळणारी भीती, ‘आयुष्यभराचा डाग’, तिचं उत्तर कलम २४ मध्ये आहे. या कायद्याखाली हाताळलेल्या मुलाला त्या निर्णयामुळे पुढे कुठलीही अपात्रता चिकटत नाही आणि ठरलेल्या काळानंतर ते दप्तर नष्ट करायचं असतं. सोळावरच्या ज्या मुलाला बाल न्यायालयाने प्रौढासारखं दोषी ठरवलं, तो याला अपवाद. प्रकरण बंद झाल्यावर चारित्र्य पडताळणीत पोलिसांनी ते सांगायचं नसतं. मुलाचं नाव, फोटो, शाळा छापणं हा गुन्हा आहे, आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हे वर्तमानपत्रांइतकंच सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटालाही लागू आहे. तिथे फोटो फिरत असेल तर स्क्रीनशॉट ठेवा आणि तक्रार करा.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून कुणी अडू नये. प्रत्येक बालकाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून. त्यांचा फोन १५१००. मूल अडचणीत असेल तर चाइल्डलाइनचा १०९८ रात्रंदिवस चालू असतो. तारखेला आई आणि वडील दोघेही जा, एक दिवसाची मजुरी बुडाली तरी जा. आणि हे वाचणाऱ्याच्या चाळीत, वाडीत, इमारतीत एखाद्या घरावर ही वेळ आली असेल, तर त्या मुलाला तुम्ही आजवर ज्या नावाने हाक मारत होतात, त्याच नावाने मारा.